सिनेमात नसलेली बाई

अर्लीन होलूब माझ्या थिएटरात तिकिटं फाडायची आणि पॉपकॉर्न विकायची. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे एकदाच काही मागितलं. "लेन, तो सिनेमा लावू नकोस." बस्स, एवढंच. का, म्हणून विचारलं तर काउंटरची काच पुसायला लागली. मी ऐकलं नाही. मी थिएटर चालवतो, चर्च नाही. आमच्याच गावात काढलेला, आमच्याच लोकांनी भरलेला सिनेमा आमच्या पडद्यावर लावायचा नसेल, तर थिएटरला कुलूप घालून किल्ली नदीत फेकलेली बरी.

नदी म्हणजे ओहायो. गाव म्हणजे कॉर्विन फेरी. माझे आजोबा इथे पोलादाच्या कारखान्यात आले, अर्लीनचेही. कारखाना कधीच बंद पडला. थिएटर मात्र मी हट्टाने चालवतो. पडदा एकच, खुर्च्या बापाच्या वेळच्या, आणि गिऱ्हाईक बेताचं.

गेली काही वर्षं आमच्या सिनेमावाल्यांना स्वतःच्या देशाला झोडपायचं वेड लागलंय. मी सगळं लावतो, त्यामुळे मला ठाऊक आहे. ह्या सिनेमांच्या दोन जाती. एकीत श्रीमंत लोक डोंगरातल्या काचेच्या बंगल्यात जमतात, एकमेकांना टोचून बोलतात आणि शेवटी त्यांचं वाटोळं होतं. आमचे लोक म्हणतात, "बरं झालं मेल्यांना!" आणि पॉपकॉर्न आणखी घेतात. दुसऱ्या जातीत आमच्यासारखं गाव असतं. गंजका कारखाना, गोळ्यांच्या नादी लागलेला मुलगा, बंदूक पुसत बसलेला बाप, आणि दिवसभर ओरडणारा टीव्ही. त्या गावात कुणी कधी हसत नाही. कुणी मेलं तर शेजारीण भांडं भरून जेवण आणत नाही. हे सिनेमे बघायला आमचे लोक येत नाहीत. त्यात खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याने खोलीत शिरण्याआधीच निकाल लावून टाकलाय अशा माणसाने काढलेलं ते चित्र असतं, आणि ते मला खटकतं.

अर्लीनला ह्यातलं काही पटायचं नाही. "सिनेमा आहे, लेन. रडायचं, नाक पुसायचं, घरी जायचं," ती म्हणायची.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन झाली तेव्हा माझ्याकडे आली. नवरा स्टॅन फुप्फुसांच्या आजाराने गेला, मुली लांब गेल्या. मागे उरली अर्लीन आणि तिचे सल्ले. सल्ला द्यायला तिला कुणी विचारावं लागत नसे. माझ्या बायकोने कुठल्या डॉक्टरकडे जावं, पाद्री मिहालिकने प्रवचन कुठे आवरावं, कुणाच्या सुनेने केस का कापू नयेत, सगळं तिला ठाऊक. आणि वैताग असा की पुष्कळदा तिचंच खरं व्हायचं. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. कुणी मेलं की दफनानंतरचं जेवण तिचं, कुणाचं लग्न निघालं की कुकीजचं टेबल तिचं. आमच्याकडे लग्नात केकपेक्षा कुकीजच्या टेबलाला मान. गावातल्या साऱ्या बायका आठवडे आठवडे भाजत बसतात, आणि टेबल रिकामं दिसलं तर मुलीच्या आईचं नाक कापलं जातं. कुणी काय भाजायचं ते अर्लीन ठरवायची आणि कुणाची उलटून बोलायची छाती नव्हती.

मग मधेच कधीतरी तिचे सल्ले बंद झाले. मी एकदा विचारलं, "अगं, छप्पर गळतंय, दुरुस्तीला वेस्टनला बोलावू की फ्रँकला?" तर म्हणाली, "मला काय विचारतोस? तुझं छप्पर." मला वाटलं, वय झालं. विषय तिथेच संपला.

तिची जिवाभावाची मैत्रीण वांडा पावलिक. वांडा पोस्टाच्या खिडकीत बसायची. बोलणं कमी आणि बोललीच तर बोचरं. दोघी एका वर्गातल्या, एकाच रस्त्यावर राहणाऱ्या, एकमेकींच्या घरात न वाजवता शिरणाऱ्या. वांडाला एकच मुलगा, ट्रेंट. बारीक, हसरा, हाताने हुशार. पाठ दुखते म्हणून डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ राहिली बाजूला, गोळ्याच राहिल्या. पुढचं आमच्याकडे कुणाला सांगायला लागत नाही, एक घर सोडून एका घरात तेच झालंय. त्याने बापाची मागे राहिलेली अवजारं विकली तेव्हा वांडाने घराचं कुलूप बदललं. एका हिवाळ्यात तो मागच्या दाराशी आला, वाजवत राहिला, तिने उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या मागे गाडीत मेलेला सापडला. पोलिसांना तिने स्वतःच सांगितलं, "मी दार उघडलं नाही." गावाने तिला बोल लावला नाही. तेव्हा सगळे हेच सांगत होते: दार बंद करा, त्याला तळाला जाऊ द्या, मगच तो वर येईल. चर्चच्या तळघरात आईबापांची बैठक भरायची, तिथेही हेच. आम्ही सगळे मान डोलवायचो.

ह्याला काही वर्षं लोटली, आणि सिनेमावाले गावात आले.

दिग्दर्शिकेचं नाव ब्रिन. तिशीतली, सडपातळ, कॅलिफोर्नियाची, बोलायला गोड. मला ती आवडली, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिची माणसं म्हणजे विनोद होता. मी नुकताच थिएटरचा दर्शनी भाग रंगवला होता. त्यांनी त्याच्यावर तपकिरी रंगाचे फवारे मारून गंज चढवला. लोकांच्या ओसरीवरच्या जिरॅनियमच्या कुंड्या उचलून ट्रकमागे लपवल्या. वांडाच्या स्वयंपाकघराचे पडदे त्यांना भारी आवडले, जुने म्हणून, तिने काढून दिले आणि म्हणाली, "धुऊन आणा म्हणजे झालं." दफनाच्या दृश्यात अर्धं गाव उभं केलं. ब्रिनचा मदतनीस सगळ्यांना सांगत फिरत होता, "हसू नका प्लीज. एकमेकांशी बोलू नका. लांब लांब उभे राहा." आमचा फ्रँक म्हणाला, "अरे, दफनाला आम्ही एकमेकांशी बोलायलाच जातो!" तर त्याला मागच्या रांगेत ढकलला.

अर्लीनने त्या सगळ्यांना हालुश्की, म्हणजे कोबी घालून लोण्यात परतलेल्या शेवया, करून घातली. निम्म्यांनी लोणी चालत नाही म्हणून हात लावला नाही. ब्रिनने मात्र दोनदा मागून खाल्ली. त्यानंतर ती रोज दुपारी अर्लीनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मला कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही. मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं.

सिनेमा मोठ्या शहरांत लागला तेव्हा पेपरात त्याचं फार कौतुक झालं. गोष्ट साधी होती: आई, मुलगा, बंद दार. पोस्टरवर नुसता एक हात आणि स्वयंपाकघरातला नळ. मुलगा दार वाजवतोय, आणि आई ते ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडते, भांडी घासू लागते, एवढ्या एका दृश्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. मी काउंटरशी उभा राहून अर्लीनला वाचून दाखवलं. "ऐक, काय म्हणतोय. 'ह्या नळाच्या धारेत आजच्या अमेरिकेची बधिरता ऐकू येते. ही आई म्हणजे आपला देश आहे: देवाचं नाव घेणारी, टीव्ही बघणारी, आणि स्वतःच्या लेकराला दाराबाहेर मरू देणारी.' काय लिहितात गं हे लोक!"

अर्लीनच्या हातातला मिठाचा डबा मक्यात उपडा झाला. मी ओरडलो, तिने सगळा मका कचऱ्यात ओतला आणि मशीन घासायला घेतलं. त्याच संध्याकाळी तिने मला सिनेमा लावू नकोस म्हणून सांगितलं.

मी लावला. रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर पहिला खेळ. तिकिटं आधीच संपली होती, हे माझ्या थिएटरात बापाच्या काळानंतर प्रथमच घडत होतं. मी सकाळी जाकीट घालून आलो. अर्लीन माझ्याआधी येऊन बसली होती, दिवे न लावता, पहिल्या रांगेत.

"चर्चला नाही गेलीस?"

"लेन, बस. तुला सांगायचंय."

मी बसलो. ती पडद्याकडे बघतच बोलली.

"ते नळाचं. ते मी सांगितलं ब्रिनला."

"मग? कुणीतरी सांगितलं असणारच. हे असलं त्यांना आपोआप सुचत नाही."

"ते वांडाचं आहे. ट्रेंटचं."

दार उघडलं नाही, हे गावाला माहीत होतं. नळाचं कुणालाच माहीत नव्हतं.

"वांडाने तुला सांगितलं होतं?"

"मला कशाला सांगेल? मी तिथेच होते." अर्लीनने हात मांडीवर घट्ट धरले होते. "फ्रँकच्या मुलीच्या लग्नाच्या कुकीज करत होतो आम्ही. अक्रोडाचं सारण भरत होतो. तो आला. आधी दार वाजवलं, मग खिडकी. 'मॉम, थंडी आहे, नुसतं बसू दे.' वांडा उठली. तिचा हात कडीवर गेला होता, लेन. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, आत्ता उघडलंस तर आतापर्यंतचं सगळं फुकट गेलं. कुलूप मीच निवडलं होतं ना, दुकानात जाऊन. तिला खाली बसवलं. आणि मी जाऊन नळ सोडला. भांडी घासली. त्याने हाक मारायची थांबवली तरी घासतच होते."

"आणि पोलिसांना?"

"पोलिसांनी विचारलं, घरात कोण होतं? वांडा म्हणाली, मी एकटीच. मी बाजूला कॉफी ओतत उभी होते. मी तोंड उघडलं नाही." ती थांबली. "त्या दिवसापासून आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. दफनाचं जेवण मी रांधलं. तिच्या घरी रोज गेले. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी होते. पण ते नाही."

मी म्हटलं, "मग ब्रिनला का सांगितलंस?"

"कुणाला तरी सांगायचं होतं! पाद्रीला सांगणार होते, पण तो सगळ्यांचाच पाद्री. ती मुलगी परकी होती, छान ऐकत होती. म्हणत होती, 'अर्लीन, मला एका बाईची गोष्ट नाही सांगायची, देशाचं काय झालंय ते सांगायचंय.' मला वाटलं, आता सांगून टाकावं. सगळं सांगितलं. कुलूप, खिडकी, थंडी. नळापर्यंत आले आणि धीर सुटला. वांडाने सोडला म्हणून सांगितलं. मनगटाचं सांगितलंच नाही. मी त्या घरातच नव्हते असं सांगितलं."

तेव्हा मला तिचा राग आला, आणि तो मी लपवला नाही. "तुझं पाप तू तिच्या गळ्यात बांधलंस. आणि आता अख्खा देश तिला दगड मारतोय."

"हो," अर्लीन म्हणाली. "मला झोप लागत नाही. मी तिच्याकडे बघते आणि मला वाटतं ही आत्ता विचारेल. ती विचारत नाही. ती मला जेवायला थांब म्हणते. मला घास उतरत नाही."

"मग जा आणि सांग तिला. सिनेमा सुरू व्हायच्या आत. ती पडद्यावर बघण्याआधी तुझ्या तोंडून ऐकू दे."

"तूच पहिला खेळ रद्द कर ना. मशीन बिघडलं म्हण."

"आज रद्द केला तर उद्या बघेल. उद्या नाही तर घरी टीव्हीवर बघेल. अर्लीन, ऊठ."

ती उठली. तिने कोट घातला, बटणं चुकीची लावली, पुन्हा लावली, आणि गेली. मी खुर्च्या झाडत बसलो आणि प्रार्थना करावी की काय असंही मनात आलं, पण मला ती सवय नाही.

चर्च सुटलं. लोक लोटले. आणि त्या लोकांत अर्लीन आली ती वांडाच्या हातात हात घालून. वांडाने केस सेट केले होते, निळा ड्रेस घातला होता, ओठांना रंग. इतकी नटलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी अर्लीनच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं: सांगितलं नाही.

"काय रे लेन, जाकीट बापाचं का? बगलेत फाटलंय," वांडा म्हणाली. "माझे पडदे मोठे दिसतात म्हणे पडद्यावर. न धुताच परत दिले मेल्यांनी."

"वांडा, त्यात एक आई आहे आणि..."

"ऐकलंय मी. असू दे. आपल्या गावात असल्या आया कमी आहेत का?" तिने अर्लीनच्या हातावर थोपटलं. "हिला सांगते केव्हाची, शेजारी बस. तर म्हणते काउंटर सोडता येत नाही. गुलामासारखी राबवतोस हिला."

वांडा आत गेली आणि मधोमध बसली. मी अर्लीनला कोपऱ्यात ओढलं. "अजून वेळ आहे. जाऊन कानात सांग."

"रस्ताभर सांगणार होते. ती ड्रेसबद्दल विचारत होती, बरा दिसतो का म्हणून. लेन, माझी जीभ उचलत नाही."

मी दिवे मालवले. माझ्या हातात तेवढंच होतं.

सिनेमा चांगला होता. हे मला सांगायलाच हवं, कारण नंतर लोकांनी त्याला नावं ठेवली. पोराचं काम करणारा नट ट्रेंटसारखा दिसत नव्हता, पण हसायचा तसा. सुरुवातीला लोक ओरडत होते, "माझी ओसरी! माझी ओसरी! अगं, कुंड्या कुठे गेल्या?" फ्रँक स्वतःची पाठ दिसल्यावर उभा राहिला. हळूहळू ते थांबलं. टीव्हीवरचा ओरडणारा माणूस, गोळ्या लिहून देणारा डॉक्टर, गोळ्यांवर गब्बर झालेली कंपनी, सगळं ब्रिनने बरोबर पकडलं होतं. चुकलं ते एकाच जागी. पडद्यावरच्या आईला शेजारीण नव्हती. तिच्या घरात कुणी येत नव्हतं, तिला फोन करत नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं. एवढा क्रूर निर्णय त्या बाईने एकटीने, टीव्हीसमोर बसून घेतला होता.

मग दार वाजलं. बाई वांडाच्या पडद्यांसमोर उभी राहिली, कडीकडे बघितलं, आणि वळून नळ सोडला. ते दृश्य संपता संपत नाही. नुसतं पाणी, हात, भांडी, आणि बाहेरून येणारी हाक. माझ्यापुढच्या रांगेतली पोस्टातली नवी मुलगी हमसून रडत म्हणाली, "दगड आहे ही बाई, दगड!"

मी वांडाकडे बघत होतो. ती हलली नाही. अर्लीन माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती, तिने ॲप्रनचा बोळा तोंडात धरला होता.

संपल्यावर टाळ्या पडल्या, पण थोड्या. लोक बाहेर येताना भांडत होते. कुणी म्हणालं, खरं दाखवलं. कुणी म्हणालं, आपण जनावरं आहोत असं दाखवलं. फ्रँक म्हणाला, "दफनाला काळी कॉफीसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी. आपल्याकडे कधी असं झालंय?" पाद्री मिहालिक कुणाशी न बोलता निघून गेले, बैठकीत दार बंद करायचा सल्ला त्यांनीही दिला होता. एकामागून एक गाड्या निघाल्या. पुढच्या खेळाची माणसं अजून यायची होती. लॉबीत मी, काउंटरमागे अर्लीन, आणि सगळ्यांत शेवटी आतून आलेली वांडा.

वांडाने काउंटरवर पर्स ठेवली. ओठांचा रंग जागेवर होता.

"पाणी दे," ती म्हणाली.

अर्लीनने ग्लास भरला. दोन्ही हातांनी पुढे केला.

"वांडा, मी सांगितलं ते. ब्रिनला. मीच."

"ते कळलं मला. आणखी कोण सांगणार? त्या घरात दोघीच होतो."

"मला माफ कर."

"कशाबद्दल?"

मी तिथून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

"सांगितलंस त्याबद्दल मला काही नाही वाटत," वांडा म्हणाली. आवाज अगदी पोस्टाच्या खिडकीतला. "गावात सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं. लोकांनी मला दगड म्हटलं त्याचंही नाही. मी स्वतःला रोज म्हणते. कडीवर हात माझा होता, तू धरलास म्हणून काय झालं, झटकता आला असता. तुझ्यापेक्षा माझ्या मनगटात जोर जास्त."

"नळ मी सोडला होता, वांडा."

"मला सांगतेस?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मी तिथे बसून बघत होते! तुझी पाठ हलत होती. तू रडत होतीस आणि घासत होतीस, एकच तवा, पुन्हा पुन्हा. मला तेवढाच आधार होता, की ही पण आहे. आपण दोघींनी मिळून केलं. चूक केली, पण दोघींनी. रात्री झोप येत नाही तेव्हा मी तुझी ती पाठ आठवते, अर्लीन. आणि आज बघितलं तर तिथे कुणीच नाही. मी एकटी. नळ पण मीच सोडलेला."

अर्लीन काउंटरला धरून उभी होती.

"पोलिसांना मी एकटी होते म्हणून सांगितलं," वांडा म्हणाली, "ते तुझ्यासाठी. तुझ्या मागे स्टॅनचं आजारपण होतं, म्हटलं हिला कशाला. पण तूसुद्धा जाऊन तेच सांगशील असं मला वाटलं नव्हतं."

ती पाणी प्यायली, सगळं. तिने ग्लास ठेवला, पर्स उचलली आणि बाहेर गेली. रस्त्यापलीकडे तिची गाडी होती. ती आत बसली, पण गाडी सुरू झाली नाही. काचेतून तिचे सेट केलेले केस दिसत होते.

"जा तिच्यामागे," मी म्हटलं.

"काय सांगू जाऊन? तिला सगळं माहीत आहे," अर्लीन म्हणाली. "माहीत नाही ते बाकीच्यांना."

पुढच्या खेळाची माणसं यायला लागली होती. रांग काउंटरपासून दारापर्यंत गेली, पलीकडच्या गावांतलेही लोक होते. पहिली उभी होती वेस्टनची बायको शर्ली, चर्चच्या स्वयंपाकघरातली, तोंडाने फटकळ.

"मोठा दे, लोणी घालून," शर्ली म्हणाली. "बहीण पहिल्या खेळाला होती. म्हणाली, ती आई बघून उठून थोबाडीत द्यावीशी वाटते. पोरगं हाका मारतंय आणि ही बया नळ सोडते!"

अर्लीनने पिशवी भरली. लोणी घातलं. पिशवी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"नळ वांडाने नाही सोडला, शर्ली. मी सोडला. ती दार उघडायला उठली होती, मी तिला धरून ठेवलं."

"वांडाचं काय मधेच? अगं, सिनेमाबद्दल बोलतेय मी." शर्ली हसली, मागे वळून रांगेला म्हणाली, "ऐकलंत का? अर्लीनबाई पण आहेत म्हणे सिनेमात!"

रांग हसली. अर्लीन हसली नाही. ती शर्लीकडे बघत राहिली, इतका वेळ की शर्लीचं हसू उतरलं आणि तिने काचेतून रस्त्यापलीकडच्या गाडीकडे पाहिलं.

"सिनेमात नाही गं," अर्लीन म्हणाली. "घरात होते."